माणूस जपायचा तर आधी रोस्टर बघा

माननीय संपादक,

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांमधली दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. सलग कामानंतरची विश्रांती पाचऐवजी सहा तासांनी आणि तीन महिन्यांतला ओव्हरटाइम १२५ ऐवजी १४४ तासांपर्यंत, असे बदल २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी सुचवले गेले. आठवड्याचे ४८ तास तेवढे कायम ठेवले. तेव्हापासून तासांवर बरेच लिहून आले, आणि ते यायलाच हवे होते. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के अधिक असतो आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के अधिक असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडला होता. मुंबईत या तासांवर लोकलचे दोन-तीन तास चढतात. ते कोणत्याच मस्टरवर दिसत नाहीत.

पण नुसत्या तासांवर थांबलो तर अर्धीच गोष्ट हाती लागते. तेच ४८ तास एका ठिकाणी माणूस वर्षानुवर्षे आनंदाने भरतो आणि दुसऱ्या ठिकाणी सहा महिन्यांत राजीनामा टाकतो. अमेरिकन संशोधक रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये दाखवले की काम भरपूर, पण ते कधी, कसे आणि कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवायची मुभा मात्र शून्य, या जोडीने माणूस पिचतो. मुभा असेल तर तेवढेच काम अंगावर येत नाही. ही मुभा देणारा किंवा काढून घेणारा माणूस मुख्य कार्यालयात नसतो. तो असतो टीम लीड, स्टोअर मॅनेजर, सुपरवायझर.

वांद्रे-कुर्ला संकुलापासून ऐरोलीपर्यंत अनेक कंपन्यांच्या भिंतींवर माणसांना प्रथम स्थान देण्याची वाक्ये लावलेली आहेत. योगदिन होतो, फळांची टोपली येते, लोणावळ्याला सहल जाते. त्यात वाईट काही नाही, पण यातल्या कशानेही त्या मधल्या साहेबाचा दिवस बदलत नाही. बदल हवा असेल तर पाळ्यांचे रोस्टर, रजेचा अर्ज, चुकीनंतरची बैठक, माणसाशी एकट्याने बोलण्याची वेळ आणि रात्रीचा मेसेज इथे हात घालावा लागतो.

रोस्टरपासून सुरुवात करतो, कारण तिथे सर्वात कमी खर्चात सर्वात जास्त फरक पडतो. दादरचे एखादे मोठे कापडाचे दुकान घ्या. दुकान साडेनऊला बंद होते. ट्रायल रूममधले कपडे परत लावून, कॅश जुळवून विक्रेती सव्वादहाला बाहेर पडते. डोंबिवलीची लोकल, मग रिक्षा, घरी पोहोचायला पावणेबारा. जेवून झोपेपर्यंत पाऊण वाजतो. दुसऱ्या दिवशी तिलाच साडेनऊचे ओपनिंग दिले असेल तर सकाळी सहाला उठावे लागते. कागदावर दोन पाळ्यांमध्ये सव्वाअकरा तासांचे अंतर दिसते आणि मॅनेजरला वाटते सगळे नियमात आहे. झोप मात्र जेमतेम सव्वापाच तास झालेली असते. आठवड्यातून दोनदा असे झाले की दुपारी चारनंतर बिलात चुका वाढतात, ग्राहकाशी बोलताना आवाज चढतो, आणि मग त्याच मुलीला वागणुकीचे प्रशिक्षण घ्यायला पाठवतात.

म्हणून क्लोजिंगनंतर दुसऱ्या दिवशी ओपनिंग द्यायचेच नाही. रोस्टर १४ दिवस आधी लावायचे. शेवटच्या ४८ तासांत बदल करायचा असेल तर त्या माणसाला विचारून, आणि नाही म्हणायची खरी मोकळीक ठेवून. पाळी लावताना समोर नावांसोबत स्टेशनही लिहिलेले असावे, म्हणजे विरार, बदलापूर आणि पनवेलच्या माणसांना शेवटची पाळी आणि रविवारचा मेगाब्लॉक एकाच आठवड्यात मिळत नाही. दोघांनी आपसात पाळी बदलली तर सुपरवायझरला कळवले की पुरे, मंजुरीची वाट नको. अडते ते एकाच ठिकाणी : दिवाळी-गणपतीच्या आठवड्यांत सगळ्यांनाच सकाळची पाळी हवी असते, आणि सुपरवायझर आपल्या मर्जीतल्या दोघांना ती देतो. त्यासाठी गेल्या वर्षी कोणाला काय मिळाले ते रोस्टरशेजारीच लावावे. वर्षाआड पाळी फिरते हे दिसले की कुरकूर पुष्कळ कमी होते.

कार्यालयांत हेच लेट मार्कच्या रूपाने येते. तीन लेट मार्क, अर्धा दिवस कट, हा नियम आजही सर्रास चालतो. लोकल बारा मिनिटे उशिरा आली याची शिक्षा माणसाला देऊन कंपनीला मिळते काय? तर साडेनऊच्या ठोक्याला गेटवर धापा टाकत आलेला माणूस. मध्य रेल्वेने कार्यालयांना वेळा विभागण्याचे आवाहन केलेले आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले, तेव्हा ते पुन्हा आठवले गेले आणि पुन्हा मागे पडले. करायला सोपे आहे. साडेआठ ते साडेदहा यांत कधीही या, अकरा ते चार सगळे जागेवर असा, तास आठवड्याचे मोजा. काउंटर, स्वागतकक्ष, यंत्रावरचे काम अशा जागी ही सूट देता येत नाही. तिथल्या लोकांना त्याऐवजी नक्की पाळी आणि नक्की सुटी द्यावी. ‘तुमच्या कामात शक्य नाही’ एवढे सांगून विषय संपवू नये.

रजेबाबत मुंबईत एक ठरलेली गफलत दरवर्षी होते. कोकणातल्या माणसाला गणपतीला गावी जायचे असते, हे मॅनेजरला जानेवारीपासून ठाऊक असते. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे दोन-तीन दिवस आधीच्या गाड्यांची खिडकी जुलैच्या मध्याला उघडते आणि काही मिनिटांत प्रतीक्षायादी सुरू होते. रजा मात्र मंजूर होते ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, ‘बघू, तेव्हा कामाचा लोड कसा आहे’ म्हणत. तोवर माणसाने एक तर तिकीट काढून रजेची धास्ती घेतलेली असते, किंवा तिकीट न काढल्याने खासगी बसला तिप्पट पैसे मोजलेले असतात. गणपतीच्या रजा ३० जूनपर्यंत लेखी पक्क्या करायच्या, एवढा एक नियम केला तरी माणसे तो विसरत नाहीत. ज्यांना गणपतीला जायचे नाही त्यांच्या ईद, छठ, नाताळच्या तारखा त्याच तक्त्यात त्याच दिवशी लिहून घ्याव्यात. बाकीच्या रजांवर होय किंवा नाही हे दोन कामाच्या दिवसांत कळवावे, आणि नाही असेल तर कारण आणि पर्यायी तारीख लिहावी. उत्तरच न देणे हा नकाराचा सर्वात वाईट प्रकार आहे. विचारणाऱ्याला तो दर दोन दिवसांनी हात पसरायला लावतो.

इथे नारायण मेघाजी लोखंडे यांची आठवण करून देणे भाग आहे. १८८४ मध्ये याच शहरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची ठरलेली वेळ, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, कामावर जखमी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन, या त्यातल्या मागण्या. रविवारची सुटी १० जून १८९० पासून मिळाली. यातली प्रत्येक मागणी वेळेशी आणि शब्द पाळण्याशी जोडलेली होती. आज नोकरी सोडणाऱ्या माणसाशी मोकळेपणाने बोलले तर तोही बहुतेक वेळा याच दोन गोष्टी सांगतो. पगार कमी, हे कारण तो फॉर्मवर लिहितो, कारण ते कोणाला टोचत नाही.

आता चुकांकडे येतो. हा भाग सर्वात नाजूक आहे आणि बहुतेक साहेब इथेच माणसे गमावतात. भिवंडीच्या गोदामातून चुकीचा माल रवाना झाला, तर पहिला प्रश्न येतो, ‘कोणी पाठवला?’ नाव पाच मिनिटांत निघते, ओरडा बसतो, कधी पगारातून पैसे कापले जातात आणि विषय मिटतो. पुढच्या आठवड्यात तीच चूक दुसऱ्याच्या हातून होते. कारण शेजारशेजारच्या दोन रॅकवर एकाच रंगाचे खोके आहेत, लेबल खालच्या बाजूला आहे, आणि स्कॅनरची बॅटरी दुपारनंतर उतरते म्हणून मुले नजरेने माल उचलतात. हे त्या मुलांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. विचारले कोणी नव्हते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा होती. निघाले उलटे : ज्या वॉर्डांत नेतृत्व चांगले होते तिथे नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तर लोक त्या सांगत होते. मॅनेजरने हे मनावर घ्यावे. तुमच्या रजिस्टरला तीन महिन्यांत एकही चूक नोंदलेली नसेल तर आनंद मानू नका, काळजी करा.

चुकीनंतरची बैठक २४ ते ७२ तासांत घ्यावी. आधी घेतली तर राग ताजा असतो, उशीर केला तर तपशील पुसले जातात. अर्धा तास पुरतो. पहिली दहा मिनिटे फक्त क्रम : किती वाजता काय झाले, कोणाला काय दिसत होते, हातात काय होते. मग दुसऱ्या कोणाच्या हातून हे होऊ शकले असते का, हा प्रश्न. उत्तर हो असेल तर दुरुस्ती जागेत, लेबलमध्ये किंवा पद्धतीत करायची. शेवटी एकच बदल, एका माणसाच्या नावावर, तारखेसह. दहा बदल लिहिले की एकही होत नाही. या बैठकीत मोठे साहेब बसले तर सगळे गप्प होतात, त्यांनी नंतर कागद वाचावा. जाणूनबुजून केलेली गडबड, चोरी, छळ यांची वाट वेगळी आहे. ती चौकशीतूनच जायला हवी. या दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

पगारातून दंड कापणाऱ्यांनी कायदाही पाहून घ्यावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे दंड त्या वेतनकाळाच्या वेतनाच्या ३ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. म्हणजे १८,००० वेतनावर जास्तीत जास्त ५४० रुपये, तेही आधी नोटीस लावून जाहीर केलेल्या चुकांसाठी आणि माणसाला बाजू मांडू दिल्यावरच. मालाच्या नुकसानीची कपात वेगळी असते, पण माल त्याच्या ताब्यात रीतसर सोपवलेला असावा आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणाने झालेले असावे लागते. याच संहितेत नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायला सांगितले आहे. ‘फुल अँड फायनल’ला, म्हणजे या अखेरच्या हिशेबाला, ४५ दिवस लावणाऱ्यांनी आपली पद्धत आता बदलावी. जाणाऱ्या माणसाला कसे वागवले जाते ते राहणारे सगळे बघत असतात.

एकट्याने बोलण्याची वेळ म्हणजे वन-टू-वन. दोन आठवड्यांतून एकदा, प्रत्येकी ३० मिनिटे. आठ जणांची टीम असेल तर यासाठी पंधरवड्याला चार तास लागतात, ते जमते. पंचवीस जणांची असेल तर साडेबारा तास लागतात, ते जमत नाही. मग बैठका आधी दहा मिनिटांच्या होतात आणि नंतर होतच नाहीत. तेव्हा दोष साहेबाचा नसतो, रचनेचा असतो, आणि मधे आणखी एक लीड नेमावा लागतो. या अर्ध्या तासात कामाचा आढावा घ्यायचा नाही, त्यासाठी इतर बैठका आहेत. ‘काय अडलंय?’, ‘कोणतं काम काढून घेऊ?’, ‘माझ्याकडून काय राहिलंय?’ एवढे विचारायचे आणि ऐकायचे. काचेच्या केबिनमध्ये, सगळे बघत असताना कोणी मन मोकळे करत नाही. खाली चहाच्या टपरीपर्यंत चालत गेलेले बरे.

पहिल्या दोन-तीन वेळा ‘सगळं ठीक आहे सर’ हेच उत्तर येणार. पूर्वी सांगितलेले अप्रेझलमध्ये अंगावर आलेले असते, म्हणून माणूस सावध असतो. अशा वेळी खोदून विचारू नये. त्याने सहज बोललेली एखादी छोटी अडचण, हलणारी खुर्ची म्हणा किंवा अडकलेले रिइम्बर्समेंट म्हणा, आठवड्याभरात सोडवावी. त्यातूनच पुढचे बोलणे उघडते. आणि बैठक पुढे ढकलावी लागली तर त्याच आठवड्यात घ्यावी. लागोपाठ दोनदा रद्द केली की माणसाला आपली किंमत कळते.

कोणी मनाने खचल्याचे सांगितले तर साहेबाने समुपदेशक व्हायला जाऊ नये. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक द्यावा, आणि आपल्या हातात जे आहे ते करावे : पाळी बदलणे, काम कमी करणे, रजा देणे. त्याच्या संमतीशिवाय ही गोष्ट कोणालाही सांगू नये, मनुष्यबळ विभागालासुद्धा. जिवाला धोका दिसत असेल तर मात्र गप्प राहू नये. साहेबांना हे शिकवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची शिफारस आहे ती याचसाठी.

रात्रीच्या मेसेजबद्दल फार लिहायला नको, सगळ्यांना ठाऊक आहे. फ्रान्समध्ये कामाबाहेरच्या वेळेत संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर टीमने आणीबाणी म्हणजे काय ते तीन ओळींत लिहून ठेवावे आणि त्यासाठी फोनच करावा. बाकीचे मेसेज सकाळी नऊला जातील असे लावून ठेवावेत. साहेब स्वतः रात्री अकराला ग्रुपवर लिहीत असेल आणि वर ‘उत्तर उद्या दिलं तरी चालेल’ म्हणत असेल, तरी लोक उत्तर देतातच, कारण कोणी आधी दिले हे दिसते.

हे सगळे करणारा माणूस निवडतो कसे, तिथेही घोळ आहे. सर्वात जास्त विक्री करणाऱ्याला मॅनेजर करतात. एक उत्तम विक्रेता जातो आणि एक घाबरलेला मॅनेजर मिळतो. आधी तीन महिने तीन माणसे हाताखाली द्यावीत, त्या तिघांना विचारावे, आणि ज्याला हे काम मानवत नाही त्याला पगार न कापता मूळ कामावर परतता यावे. माणसे सांभाळल्याशिवाय पगार वाढतच नसेल, तर ज्यांना माणसे आवडत नाहीत तेही रांगेत उभे राहणार. तज्ज्ञ म्हणून वर जाण्याचा वेगळा जिना असलाच पाहिजे.

आणि कंत्राटी माणसे. सुरक्षारक्षक, सफाईचे कर्मचारी, पॅन्ट्रीतला मुलगा हे कोणत्याच सर्वेक्षणात नसतात, सहलीला नसतात, अनेक ठिकाणी त्यांना कर्मचाऱ्यांचे स्वच्छतागृहही वापरू देत नाहीत. दुकानांमध्ये विक्रेत्या दिवसभर उभ्या असतात. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणे कायद्यानेच बंधनकारक केले. काउंटरमागे दर दोघींमागे एक स्टूल ठेवायला मुंबईतल्या दुकानदारांनी कायद्याची वाट बघू नये. ग्राहक समोर नसताना बसले तर काहीही बिघडत नाही.

शेवटी आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. नोकरीसाठी उत्तम ठरलेल्या कंपन्यांच्या याद्या आणि बातम्या आपण अधूनमधून छापता. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमानुसार २०२२-२३ पासून वार्षिक अहवालासोबत ‘बीआरएसआर’ (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) हा तपशील द्यावा लागतो. त्यात किती टक्के कर्मचारी सोडून गेले हे स्त्री-पुरुषवार दिलेले असते. बाळंतपणाची रजा संपवून किती जणी परतल्या आणि परतल्यावर टिकल्या हे असते, लैंगिक छळाच्या तक्रारींची संख्या असते. कंपनीच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येते. पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा तिच्याशेजारी त्या कंपनीचे हे आकडेही, मागच्या वर्षीच्या आकड्यांसह, छापावेत.

आपला,
मनुष्यबळ व्यवस्थापन क्षेत्रातील एक वाचक,
दादर, मुंबई